आत्याचा कॅन्सर आणि बीआरसीए चाचणी

स्तनाचा कॅन्सर आईकडूनच येतो, असा समज आहे. त्यामुळे डॉक्टरांनी घरातले आजार विचारले की आई, मावशी, आजी आठवतात. आत्या राहून जाते. प्रत्यक्षात बीआरसीए-१ आणि बीआरसीए-२ या जनुकांमधला दोष वडिलांकडूनही येतो. मुलगा असो वा मुलगी, तो मिळण्याची शक्यता ५० टक्के. वडील स्वतः ठणठणीत असू शकतात, म्हणून संशयही येत नाही.

स्तनाच्या कॅन्सरपैकी साधारण ५ ते १० टक्केच आनुवंशिक असतात. ते ओळखायला कोणाला, कोणत्या वयात, कोणता कॅन्सर झाला हे लागतं. घरात नुसतं ‘पोटाचं दुखणं’ म्हणून सांगितलं जाणारं आजारपण कधी अंडाशयाचा कॅन्सर असतो.

चाचणी शक्यतो कॅन्सर झालेल्या नातेवाइकाची आधी करतात. आत्यात दोष सापडला आणि तोच भाचीत नसला, तर भाचीचा धोका साधारण इतर स्त्रियांइतकाच. आत्याची चाचणीच झाली नसेल, तर मात्र भाचीच्या ‘निगेटिव्ह’ रिपोर्टवर निर्धास्त राहता येत नाही. घरातला दोष वेगळ्याच, न तपासलेल्या जनुकात असू शकतो.