शिवेवरचा वाघदेव

गेमची रचना शिकणारा माझा भाचा म्हणाला, "मामा, आपल्याकडचं एखादं अक्राळविक्राळ जनावर सांग ना!" पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सच्या 2020 मधल्या 'राजी'तला महाबलासुर पुराणाच्या वळणाचा; त्याला लोककथेतले काही हवे होते. मी डहाणू-तलासरीचा वाघदेव सुचवला.

वारली वस्त्यांच्या आसपास, शिवेवर, लाकडावर किंवा दगडावर वाघ कोरलेला दिसतो. सोबत चंद्र-सूर्य, अंगाला शेंदूर. इतरत्र वसुबारस असते, तेव्हा इकडे वाघबारस. कथा अशी सांगतात: एका बाईचा मुलगा वाघ होऊन गावची गुरे मारू लागला. अखेर आईनेच त्याला रानात पाठवले आणि करार झाला. गावाने वर्षातून एकदा त्याला मान द्यायचा, त्याने गुरामाणसांना राखायचे.

भाच्याने सुळे, नखे, लाल डोळे झकास काढले. चंद्र-सूर्य मात्र गाळले. कोकणातल्या शिलाहारकालीन गधेगळांवरही चंद्र-सूर्य असतात. ते असेतोवर दान टिकावे, हा त्यांचा अर्थ. वाघदेवाजवळचे चंद्र-सूर्यही मला तसेच कराराचे साक्षीदार वाटतात. ते पुसले, की देवाचे नुसते सावज उरते. या भागातून वाघ गेला, बिबट्या राहिला. पूजा मात्र थांबलेली नाही.

"पण वाघाला मारायचंच नाही, तर खेळणारा जिंकणार कसा?" भाच्याने विचारले.

"दिलेला शब्द पाळून," मी म्हणालो.

त्याने चित्र पुन्हा काढायला घेतले.