बोर्डिंग शाळा व दरसालची वर्गणी

ज्युबिलीच्या या मंगल वर्षीं पुष्कळ मंडळी आम्हांस विचारतात, कीं बोर्डिंगची इमारत उभी आहे, मुलांकडून फी घेतली जाते, शाळेंतल्या शिक्षकांस सरकारी अनुदानांतून पगार मिळतो. मग दरसाल बोर्डिंगसाठीं वेगळी वर्गणी कशाला? प्रश्न रास्त आहे. त्याचें उत्तर हिशेबाच्या वहींत आहे तसें इतिहासांतहि आहे, आणि इतिहासांतलें अधिक बोलकें असल्यामुळें आधीं तेंच सांगतों.

सन 1541 मध्यें मिगेल व्हाझ व दियोगु द बोर्बा या धर्मगुरूंच्या पुढाकारानें गोव्यांत पवित्र श्रद्धेचा एक संघ स्थापन झाला आणि त्याच्या विद्यमानें मुलांनीं राहून शिकावें असें एक विद्यालय निघालें. हेंच पुढें सेंट पॉल कॉलेज म्हणून प्रसिद्धीस आलें. 1542 च्या मे महिन्यांत संत फ्रान्सिस झेवियर गोव्यास उतरले, आणि त्या दशकाच्या अखेरीस विद्यालयाचा कारभार येशूसंघाच्या हातीं गेला. कोंकणी, मलबारी, सिंहली, मलायी, हबशी, चिनी अशीं नाना देशांचीं मुलें तेथें एका छपराखालीं जेवत व झोंपत असत. हिंदुस्थानांतला पहिला छापखाना 1556 सालीं आला, तो याच विद्यालयांत. पुढें 1616 सालीं येशूसंघाच्याच रायतूर येथील कॉलेजांत फादर थॉमस स्टीफन्स यांचें क्रिस्तपुराण छापलें गेलें. ज्या मराठी ग्रंथाचा आपणां सर्वांस अभिमान वाटतो, त्याच्या पाठीशीं अशा विद्यालयांचें अन्नपाणी होतें, हें सहसा कोणाच्या ध्यानीं येत नाहीं.

पण तें अन्न कोठून येत असे? तिसवाडींतील हिंदु देवळें पाडण्यांत आल्यावर त्यांच्या जमिनींचें उत्पन्न 1541 सालीं या संघाच्या कार्यास लावून देण्यांत आलें होतें. ज्युबिलीच्या अंकांत ही गोष्ट नको, असें कोणी म्हणेल. आम्हांस ती झांकून ठेवणें योग्य वाटत नाहीं. जें देणाऱ्यानें आपखुशीनें दिलें नाहीं त्याला दान हें नांव शोभत नाहीं. आणि निव्वळ व्यवहाराच्या दृष्टीनें पाहिलें तरी तो पाया कच्चाच ठरला. राजसत्तेनें मिळवून दिलेलें राजसत्तेनेंच हिरावून नेलें. पोर्तुगालचा मंत्री पोंबाल याच्या अमदानींत, 1759 सालीं, येशूसंघास पोर्तुगीज मुलखांतून हद्दपार करण्यांत आलें आणि त्याची मालमत्ता सरकारजमा झाली. सेंट पॉलच्या जुन्या वास्तूची एक कमान तेवढी आज जुन्या गोव्यांत रस्त्याच्या कडेला उभी आहे. संत झेवियरच्या यात्रेस जाणाऱ्यांनीं ती अवश्य पाहावी.

वसईची हकीकतहि याहून फारशी निराळी नाहीं. किल्ल्यांत येशूसंघाचें कॉलेज होतें. वसईचे सुपुत्र संत गोन्सालो गार्सिया, ज्यांनीं 1597 सालीं नागासाकी येथें क्रुसावर प्राण दिले, त्यांचें बाळपणींचें शिक्षण येशूसंघाच्या पाद्र्यांपाशींच झालें होतें. 1739 च्या मे महिन्यांत चिमाजी अप्पांनीं किल्ला सर केला, पोर्तुगीजांबरोबर त्यांच्या आश्रयावर चाललेले मठ व विद्यालयें गेलीं. लोक मात्र राहिले. देशी धर्मगुरूंनीं व गांवकऱ्यांनीं मिळून श्रद्धा सांभाळली. मग विद्यालयच का टिकलें नाहीं? आमच्या मतें याचें कारण हें, कीं देऊळ लोक आपलें मानीत. विद्यालयाचा खर्च मात्र राजा चालवीत असे, त्यामुळें तें आपण चालवावयाचें आहे असें कोणास कधीं वाटलेंच नाहीं.

इंग्रजी अमलांत पुन्हां आरंभ झाला. 1863 सालीं बांद्रा येथें येशूसंघानें अनाथ मुलांसाठीं जें आश्रयस्थान काढलें, त्यांतूनच पुढें सेंट स्टॅनिस्लॉस ही नामांकित शाळा वाढली. त्या काळीं मुंबईचें मिशन जर्मन येशूसंघीयांकडे होतें. 1914 सालीं महायुद्ध पेटलें. जर्मन पाद्री शत्रुराष्ट्राचे म्हणून स्थानबद्ध झाले आणि 1916 सालीं त्यांतील बऱ्याच जणांची मायदेशीं रवानगी झाली. हे दाते परोपकारी होते, त्यांचे आपणांवर अनंत उपकार आहेत. परंतु समुद्रापलीकडचा हात एका फर्मानानें थांबूं शकतो, हें त्या वर्षांनीं दाखविलें. स्वतंत्र भारतांतहि परदेशी देणग्यांवर नियमन घालणारा कायदा 1976 सालीं झाला व 2010 सालीं तो नव्यानें करण्यांत आला.

याउलट एक उदाहरण आपल्या महाराष्ट्रांतलेंच आहे, आणि तें आपल्या धर्माबाहेरचें असलें तरी घेण्याजोगें आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनीं 1919 सालीं रयत शिक्षण संस्था काढली व 1924 पासून साताऱ्यास सर्व जातींच्या मुलांचें बोर्डिंग चालविलें. ना राजाची जहागीर, ना परदेशची मदत. घरोघरची मूठभर ज्वारी-बाजरी मागून आणावी, मुलांनीं स्वतः कष्ट करावे, आणि दोन्ही पुरलीं नाहींत तेव्हां त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनीं अंगावरचे दागिने, शेवटीं मंगळसूत्रहि, मुलांच्या पोटासाठीं मोडावें, असे ते दिवस होते. लक्ष्मीबाई 1930 सालीं निवर्तल्या. संस्था मात्र शतक ओलांडून आजहि उभी आहे. ज्या गांवानें मूठ दिली त्या गांवास ती आपली वाटली.

आतां हिशेबाच्या वहीकडे वळूं. अनुदान मिळतें तें शिक्षकाच्या पगाराला. आचाऱ्याला, तांदुळाला, डाळीला, गॅसच्या टाकीला किंवा आजारी मुलाच्या औषधाला त्यांतून कांहीं मिळत नाहीं. इमारतीसाठीं दाते सांपडतात, कारण कोनशिलेवर नांव कोरतां येतें; भाताच्या पातेल्यावर नांव कोरण्याची चाल अजून निघालेली नाहीं! फी पुरेपूर आकारावी, तर ज्यांच्यासाठीं बोर्डिंग आहे तींच मुलें दाराबाहेर राहतात. फी आणि खर्च यांच्यामधली ही तूट कोणत्याहि एका वर्षीं भरून संपत नाहीं, कारण मुलें दरसाल नवीं येतात आणि भूक रोजची असते. म्हणून एकदांच दिलेल्या हजारांपेक्षां दरसाल न चुकतां येणारे शंभर आम्हांस अधिक मोलाचे वाटतात. तेवढ्या भरंवशावर जूनमध्यें आणखी एका मुलाचें नांव दाखल करतां येतें.

वर्गणीची पेटी एप्रिलच्या अखेरीस देवळाच्या दाराशीं ठेवली जाते. ज्यांस रोख देणें जड जातें त्यांनीं तांदूळ, नारळ किंवा वाडींतली भाजी आणली तरी ती तितक्याच आदरानें वहींत टिपली जाईल.