जेऊरची दोन मिनिटे

जालन्याकडील एखाद्या शाळेत मोटार बसवलेली दुर्बीण आली, तर शिक्षकांनी मुलांना आधी दिवसा एक गंमत दाखवावी. पूर्वेला किलोमीटरभर दूर असलेल्या पाण्याच्या टाकीवर दुर्बीण रोखावी आणि मोटार चालू करावी. मिनिटभरात दुर्बिणीचा रोख टाकीपाशी सुमारे चार मीटर वर सरकलेला असेल. मोटार बंद ठेवली तर टाकी जागची हलत नाही. रात्री नेमके उलटे होते. मोटार बंद असेल तर गुरू-शनी पळतात, चालू असेल तर थांबतात. टाकी आपल्याबरोबरच पृथ्वीवर फिरते, तारे फिरत नाहीत. म्हणून ही मोटार दुर्बिणीला पृथ्वीच्या उलट दिशेने, २३ तास ५६ मिनिटांत एक फेरी या गतीने फिरवते.

विजेची मोटार पुष्कळ नंतर आली. फ्राउनहोफरने डोर्पाट वेधशाळेसाठी १८२४ साली दिलेल्या दुर्बिणीला घड्याळयंत्र होते. वजन खाली उतरे, त्यावर दातेरी चाके फिरत आणि दुर्बीण ताऱ्यामागे जाई. नुसत्या डोळ्याने पाहणाऱ्याला ती सोय होती. छायाचित्रण आले तेव्हा मात्र ती गरज झाली, कारण काचेवरची प्रतिमा सरकली की चित्र फिसकटलेच.

ही गरज किती कडक होती ते आपल्याच मुलखात दिसले. २२ जानेवारी १८९८ रोजी खग्रास सूर्यग्रहण झाले. कोकणात विजयदुर्ग, सोलापूर जिल्ह्यात जेऊर, वर्ध्याकडे पुलगाव येथे शास्त्रज्ञांनी तळ ठोकले होते. नकाशावर जेऊर ते पुलगाव रेघ ओढली तर ती जालन्याच्या दक्षिणेकडून जाते. जेऊरला पुण्याच्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे कावसजी दादाभाई नायगमवाला होते, तसेच अमेरिकेतील लिक वेधशाळेचे कॅम्पबेल पतिपत्नीही होते. मुंबईत तेव्हा प्लेग होता. एवढे समुद्र ओलांडून आलेल्या कॅम्पबेल यांच्या पदरात पडणार होती सुमारे दोन मिनिटे, तीही आकाश निरभ्र राहिले तर.

त्यांच्या मोठ्या कॅमेऱ्याचे भिंग अवघे ५ इंची, पण नाभीय अंतर ४० फूट. एवढे लांबलचक धूड सूर्यामागे फिरवायचे कसे? त्यांनी ते फिरवलेच नाही. भिंग उंचावर पक्के बसवले आणि खाली छायाचित्रणाची काच घड्याळयंत्राने रुळांवरून सरकवली. मला विचाराल तर या युक्तीपुढे आजच्या संगणकाचे कौतुक थोडे कमी वाटते.

हिशेब वर्गात करून पाहण्यासारखा आहे. ४० फूट म्हणजे १२.२ मीटर. इतक्या अंतरावर सूर्यबिंब सुमारे ११ सेंटिमीटरचे पडते. पृथ्वी सेकंदाला १५ विकला फिरते, सूर्य तेव्हा विषुववृत्ताच्या दक्षिणेला जवळजवळ २० अंश होता. त्यामुळे प्रतिमा सेकंदाला सुमारे ०.८ मिलिमीटर सरकणार. दोन मिनिटांत १० सेंटिमीटर! काच स्थिर ठेवली असती, तर सूर्याभोवतीच्या करोनातील नाजूक रेषा काही सेकंदांच्या उद्भासनातही पुसट झाल्या असत्या. यंत्र अडखळले असते, तर दुसरी संधी नव्हती. ते अडखळले नाही. छायाचित्रे उत्तम आली.

नायगमवालांची पुण्यातील २० इंची ग्रब दुर्बीण त्या काळी देशातील सर्वांत मोठी होती. ते १९१२ साली निवृत्त झाले, वेधशाळा बंद झाली आणि दुर्बीण कोडाईकनालला गेली. तिचा ध्रुवाकडे रोखलेला अक्ष पुण्यात क्षितिजापासून साडेअठरा अंश वर होता, तिकडे तो दहा अंशांवर आणावा लागला. जालन्यात तो वीस अंशांच्या जरा खाली ठेवावा लागतो. जुन्नरजवळ गिरवली येथे २००६ साली आयुकाची दोन मीटर व्यासाची दुर्बीण सुरू झाली. तिला असा कलता अक्षच नाही. ती तोफेसारखी आडवी आणि उभी फिरते आणि दोन्ही गती क्षणोक्षणी संगणक ठरवतो.