मटक्याचा हिशेब

मुंबईचा मटका जन्माला आला कापसाच्या बाजारात. न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराचे उघडते आणि बंद भाव तारेने मुंबईत येत आणि त्यांच्या आकड्यांवर पैजा लागत. साठीच्या दशकाच्या सुरुवातीला हे भाव येणे थांबले. मग 1962 मध्ये कल्याणजी भगत यांनी वरळी मटका सुरू केला, तर 1964 मध्ये रतन खत्री यांनी न्यू वरळी मटका. आता पत्ते काढून आकडा ठरू लागला.

गिरणगावातला कामगार चार-आठ आण्यांचाही आकडा लावी. एका रुपयाला नऊ रुपये, हा भाव ऐकायला घसघशीत वाटे. पण आकडे दहा. दहाही आकड्यांवर एकेक रुपया लागला, तर दहा गोळा होत आणि नऊच परत जात. उरलेला रुपया धंद्याचा. लबाडी न करताही तो सुटे.

मोबाइलवरच्या कॅसिनोत हीच वजाबाकी आज्ञावलीत दडते. वर ‘बोनस’ची लालूच: तो काढून घेण्याआधी त्याच्या कित्येक पट रकमेचे डाव खेळावे लागतात, आणि ही अट बारीक अक्षरांत असते. मटका दिवसातून ठरावीक वेळीच निघे. इथे डाव काही सेकंदांत संपतो. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ, त्यांच्या जाहिराती आणि त्यांचे बँक व्यवहार यांवर बंदी घालणारा कायदा केला.