मेंदूच्या रक्तवाहिन्यांतील अमायलॉइड विकार

उतारवयात मेंदूच्या पृष्ठभागालगतच्या लहान व मध्यम धमन्यांच्या भित्तींत बीटा-अमायलॉइड हे प्रथिन साचून त्या ठिसूळ होण्याचा विकार. वैद्यकात तो ‘सेरेब्रल अमायलॉइड अँजिओपॅथी’ किंवा ‘सीएए’ या नावाने ओळखला जातो. वृद्धांच्या मेंदूतील रक्तस्रावाचे उच्च रक्तदाबाखालोखाल महत्त्वाचे, पण पुष्कळदा लक्षात न येणारे असे हे कारण आहे. यकृत, मूत्रपिंड, हृदय यांत अमायलॉइड साचण्याचे जे रोग आहेत, त्यांहून हा वेगळा आहे.

इतिहास : ‘अमायलॉइड’ म्हणजे पिष्टासारखा. आयोडिनाने मिळणाऱ्या रंगावरून रुडॉल्फ फिरखो यांनी एकोणिसाव्या शतकात हे नाव रूढ केले. पदार्थ प्रथिनाचा आहे हे नंतर समजले, तरी नाव टिकले. मेंदूच्या रक्तवाहिन्यांतील या बदलाचे वर्णन गुस्ताव्ह ओपेनहाइम यांनी १९०९ मध्ये केले. १९८४ मध्ये जॉर्ज ग्लेनर व केन वाँग यांनी बीटा-अमायलॉइड प्रथम वेगळे करून ओळखले, तेही अल्झायमर रुग्णांच्या मस्तिष्कावरणातील रक्तवाहिन्यांमधून. अल्झायमर रोगाच्या संशोधनाला दिशा देणारा हा शोध असा रक्तवाहिन्यांतूनच लागला.

विकृती : चेतापेशींच्या पटलातील एका मोठ्या प्रथिनाचे एंझाइमांमुळे तुकडे होऊन बीटा-अमायलॉइड तयार होते. ४२ ॲमिनो अम्लांचा तुकडा अधिक चिकट असतो. तो पेशींच्या मधल्या जागेत साचून अल्झायमरमधील चकत्या बनतात. ४० ॲमिनो अम्लांचा तुकडा त्यामानाने विद्राव्य असतो. धमन्यांच्या भित्तींलगतच्या वाटेने त्याचा निचरा होतो. वयोमानाने धमन्या ताठर झाल्या की हा निचरा मंदावतो आणि तुकडे भित्तीतच अडकतात, असे मानले जाते. तेथील अरेखित स्नायुपेशी नष्ट होतात, भित्तीचे थर सुटतात आणि अखेर ती फुटू शकते. काँगो रेड रंगद्रव्य लावून ध्रुवित प्रकाशात पाहिल्यास अशी भित्ती हिरवट चमकते.

मेंदूच्या मागील भागातील पश्चकपाल खंडात हा बदल सर्वाधिक आढळतो. खोलवरचे भाग व मस्तिष्कस्तंभ बहुधा सुटतात. उच्च रक्तदाबामुळे होणारा रक्तस्राव मात्र बहुतेक वेळा खोलवरच असतो. म्हणून रक्तस्रावाची जागा हाच कारणाचा पहिला सुगावा ठरतो.

आढळ व आनुवंशिकता : शवविच्छेदनाच्या अभ्यासांत मध्यम ते तीव्र विकार सर्वसाधारण वृद्धांपैकी सुमारे एक चतुर्थांश जणांत, तर अल्झायमर रुग्णांपैकी जवळजवळ निम्म्यांत दिसतो. एपीओई जनुकाच्या ‘एप्सिलॉन-४’ रूपामुळे अमायलॉइड अधिक साचते, तर ‘एप्सिलॉन-२’ रूपामुळे रक्तस्रावाचा धोका वाढतो. बहुसंख्य रुग्णांत विकार आनुवंशिक नसतो. नेदरलँड्समधील काटवाइक या किनारी गावाशी जोडलेल्या कुटुंबांत मात्र २१ व्या गुणसूत्रावरील एका उत्परिवर्तनामुळे तो पिढ्यान्पिढ्या चालत आला असून रक्तस्राव पन्नाशीच्या आसपासच होतो.

लक्षणे : अनेकांना काहीच त्रास होत नाही. रक्तस्राव झाल्यास अचानक डोकेदुखी, एका बाजूची शक्ती जाणे, बोलणे अडखळणे, अर्धे दृश्य दिसेनासे होणे किंवा झटके येणे ही लक्षणे दिसतात. काहींना बोटांपासून हातावर व चेहऱ्यापर्यंत काही मिनिटांत सरकत जाणाऱ्या मुंग्या येतात व थांबतात. हा पक्षाघाताचा तात्पुरता झटका समजून रक्त पातळ करणारी औषधे दिली गेल्यास अपाय होऊ शकतो. स्मरणशक्ती व विचारांचा वेगही हळूहळू मंदावू शकतो.

निदान : निश्चित निदानासाठी मेंदूच्या ऊतीची तपासणी लागते. व्यवहारात एमआरआयवर भिस्त असते. सूक्ष्म रक्तस्रावांचे काळे ठिपके आणि मेंदूच्या पृष्ठभागावर साचलेला लोहांश विशेष पद्धतीच्या चित्रांत दिसतात. या खुणांवर आधारलेल्या ‘बोस्टन निकषां’ची २०२२ मधील सुधारित आवृत्ती पन्नाशी व त्यापुढील व्यक्तींसाठी आहे.

उपचार : साचलेले अमायलॉइड काढून हा विकार बरा करणारे औषध अद्याप नाही. रक्तस्राव एकदा झालेल्या रुग्णांत तो पुन्हा होण्याचा धोका वर्षाला सुमारे ७ टक्के, म्हणजे इतर कारणांच्या रक्तस्रावापेक्षा कितीतरी अधिक असतो. रक्तदाब काटेकोर आटोक्यात ठेवणे हा सर्वांत खात्रीचा उपाय होय. ‘प्रोग्रेस’ या चाचणीत रक्तदाब उतरवल्यावर अशा रक्तस्रावांत मोठी घट दिसली. ॲस्पिरिनसारखी व रक्त पातळ करणारी औषधे नीट तोलूनच द्यावी लागतात. हृदयाची लय बिघडलेल्यांत काही वेळा त्यांऐवजी डाव्या अलिंदाची पिशवी बंद करणारे साधन बसवतात. रक्तवाहिन्यांना दाह झाल्याच्या प्रकारात स्टेरॉइडांचा गुण येतो. लेकानेमॅब व डोनानेमॅब या अल्झायमरवरील प्रतिपिंड औषधांमुळे मेंदूला सूज येण्याचा किंवा रक्तस्रावाचा धोका या विकारात वाढतो. म्हणून ती देण्यापूर्वी एमआरआय आवश्यक ठरतो.

वयस्क माणसाच्या हाताला अधूनमधून येणाऱ्या मुंग्या ‘वयाचे दुखणे’ म्हणून सोडून देऊ नयेत. तसेच घरात पडून असलेली रक्त पातळ करणारी गोळी त्यावर देऊ नये. या विकारात निदान आधी होणे हेच मोठे संरक्षण आहे.