समीक्षक, चाहते आणि एमिनेम

रॅपवरून माझं नि मुलाचं गाडीत नेहमी वाजतं, म्हणून हा जुना किस्सा. १९९९ साली एमिनेमचा 'द स्लिम शेडी एलपी' आला, तेव्हा 'बिलबोर्ड'चे संपादक टिमथी व्हाइट यांनी त्याला संपादकीयातच झोडपलं: हा जगाच्या दुःखावर पैसे कमावतोय. चाहत्यांचं म्हणणं, अहो, हे सोंग आहे. (आपल्या भारुडात असतं ना, तसंच.) २००० मधला पुढचा अल्बम अमेरिकेत पहिल्याच आठवड्यात १७ लाखांवर खपला.

मग व्हाइट चुकले का? खपावरून ते ठरत नाही. बायकांबद्दलची, समलिंगींबद्दलची ती भाषा आजही बोचतेच. पण सोंगामागचं डेट्रॉइटचं दारिद्र्य चाहत्यांना ऐकू आलं, तेही खोटं नव्हतं.

मुलाला आता एवढंच म्हणतो, आधी पूर्ण ऐकू, मग भांडू.

चूभूद्याघ्या.