तळटीप : कोबीवरील अळ्यांचा विषाणू

१. विषाणू : येथे ‘एसएलएनपीव्ही’ अभिप्रेत आहे. कोबीच्या पानाबरोबर तो स्पोडोप्टेरा अळीच्या पोटात गेला की तेथील अल्कलीत त्याचे प्रथिनकवच विरघळते. काही दिवसांत अळी उलटी लटकून मरते. तिच्यातून पाझरणारा द्राव इतर अळ्यांना बाधतो. चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाच्या अळीवर मात्र हा विषाणू चालत नाही. याच कुळातील दुसऱ्या विषाणूमुळे रेशीमकिड्यांना ‘ग्रासरी’ हा रोग होतो. प्रत्येक विषाणूचे भक्ष्य ठरलेले असल्याने कोबीवरील फवारणीने मधमाश्या, मित्रकीटक आणि माणूस सुरक्षित राहतात. अतिनील किरणांनी विषाणू निष्प्रभ होतो, म्हणून फवारणी संध्याकाळीच करावी.